व्हॅल्यू तीच, रेफरन्स नवा
आजचा दिवस रिअ‍ॅक्टच्या (वेबपेजचा इंटरफेस बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे आतल्या कंपोनंटना (स्क्रीनच्या तुकड्यांना) थेट डेटा पुरवायच्या सोयीत गेला. सर्चमध्ये एक अक्षर टाइप केलं की यादीतली प्रत्येक ओळ पुन्हा रेंडर, म्हणजे तिचा कोड नव्याने चालणार! कारण कॉन्टेक्स्टचा डेटा पुरवणाऱ्या प्रोव्हायडरच्या व्हॅल्यूत तिथल्या तिथे बनवलेला ऑब्जेक्ट. दर रेंडरला त्याचा रेफरन्स (मेमरीतला पत्ता) नवा, त्यामुळे आतला डेटा तोच असला तरी रिअ‍ॅक्टच्या लेखी व्हॅल्यू बदललेली. मग तो कॉन्टेक्स्ट वाचणारे सगळे कंपोनंट रेंडर होतात. बाहेरून दिलेला डेटा (प्रॉप्स) तोच असेल तर रेंडर टाळणारा मेमो लावूनही हे थांबत नाही.

उपाय: ऑब्जेक्ट यूजमेमोत आणि त्यातली फंक्शन्स यूजकॉलबॅकमध्ये ठेवा, म्हणजे गरज नसताना रेफरन्स जुनाच राहतो. त्याहून बरं म्हणजे दोन वेगळे कॉन्टेक्स्ट: एकात स्टेट (बदलणारा डेटा), दुसऱ्यात डिस्पॅच (तो बदलायला सांगणारं फंक्शन). स्टेट सांभाळणाऱ्या यूजरिड्यूसरकडून मिळणाऱ्या डिस्पॅचचा रेफरन्स बदलत नाही, म्हणून नुसतं डिस्पॅच वापरणारी बटणं उगाच रेंडर होत नाहीत.

आणि डेटा दोनच पायऱ्या खाली न्यायचा असेल तर सरळ प्रॉप्स द्या की!