तिमिंगलातली मीरा : तीन अमावास्यांची वही

शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला आमचं कपाशीचं शेत. काळोख चांगला, पण शहराचा उजेड नेमका दक्षिणेला आणि तिमिंगल हा तारकासमूहही तिकडेच. विहिरीच्या कठड्यावर कोपरं टेकून १० × ५० ची दुर्बीण धरतो.

नवरात्राच्या तोंडाशी, भाद्रपद अमावास्येला तिमिंगलातला मीरा हा तारा दुर्बिणीतच जेमतेम सापडला. नावावरून मीराबाई आठवते, पण लॅटिनमध्ये मीरा म्हणजे अद्भुत. १६६२ साली हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाने हे नाव रूढ केलं. त्याआधी १५९६ मध्ये फॅब्रिशियस या निरीक्षकाला ती दिसली आणि पुढे मंदावत दिसेनाशी झाली. या रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्याचं हे चक्र सुमारे ३३२ दिवसांचं : नवव्या प्रतीच्याही खाली घसरायचं, मग तिसरीच्या आसपास चढायचं (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका लहान तितका तारा ठळक). चक्र वर्षाहून महिनाभर तोकडं, त्यामुळे कमाल तेजाची वेळ दर वर्षी तेवढी अलीकडे सरकते आणि काही वर्षं सूर्याच्या उजेडात वाया जातात. यंदा हिवाळा गाठलाय, मग वही उघडली.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या धुराने दक्षिण पार बुजली होती. एक वाजता गेलो, तेव्हा मीरा नुसत्या डोळ्यांनी दिसली! आनंदाच्या भरात ४.३ लिहून टाकलं. तीच चूक. तांबड्या ताऱ्याकडे टक लावली की तो डोळ्यात साठत जातो आणि आहे त्याहून ठळक वाटतो. दुसऱ्या रात्री दुर्बिणीचा फोकस जरा बिघडवून, झटकन नजर टाकत शेजारच्या डेल्टा या ताऱ्याशी (प्रत ४.१) ताडून पाहिलं, तर ५ च्या आत काही येईना. आधीचा आकडा खोडला.

डेल्टापासून अंशभराच्या आतच एम ७७ ही दीर्घिका आहे. माझ्या दुर्बिणीत नाही दिसली, उगाच ताण दिला.

कार्तिक अमावास्या. रात्रीची लाईट होती, शेजारचे काका हरभऱ्याला पाणी देत होते. “काय देखी ऱ्हायना भाऊ?” मग ग्रीकांची गोष्ट सांगितली : राणी कॅसिओपियाची फुशारकी, समुद्रातून सोडलेला राक्षसी जीव म्हणजेच हा तिमिंगल, खडकाला बांधलेली अँड्रोमेडा, तिला सोडवणारा पर्सियस. आपल्या नकाशांत हीच मंडळी शर्मिष्ठा, देवयानी, ययाति म्हणून बसवलीत. काकांना ययातीची गोष्ट पाठ. “मंग हाऊ मासा कथाईन उना?” बरोबरच आहे, त्या गोष्टीत मासा नाहीच. नावं बदलली, हा मात्र तसाच राहून गेला.

त्या रात्रीची नोंद : तिमिंगलातलाच गॅमा तारा (३.५) आणि डेल्टा यांच्या मध्ये, गॅमाकडे झुकलेली, ३.७. काकांना ती तिमिंगलातल्याच २.५ प्रतीच्या मेनकार ताऱ्याएवढी वाटली. चांगली दोन मिनिटं टक लावून बघत होते ते.