ताडून पाहण्याची सवय

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मैदानाबद्दल आणि स्नेहसंमेलनाबद्दल पुष्कळ जण लिहितील, म्हणून मी प्रयोगशाळेबद्दल लिहितो. अर्धे पान काळ्या कागदाने झाकून, नंतर ते स्पिरिटमध्ये उकळून त्यावर आयोडीन घातले की उघडा भाग निळाकाळा होई, म्हणजे तिथे उजेडात स्टार्च तयार झालेला असे. आम्ही हरखून जात असू, पण विज्ञानाचे सर आधी झाकलेल्या भागाचे काय झाले ते विचारत. आज अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर जिवाणूंना कितपत मारतात हे तपासणे माझे काम आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ या झाकलेल्या भागाकडेच, म्हणजे ताडून पाहण्यासाठी ठेवलेल्या नमुन्याकडेच जातो.

सॅनिटायझर तपासण्याच्या युरोपातील ईएन 1500 या प्रमाणित पद्धतीत स्वयंसेवक हात धुऊन बोटे ई. कोलाय या जिवाणूच्या निरुपद्रवी वाणाच्या द्रवात 5 सेकंद बुडवतात आणि 3 मिनिटे हवेत सुकू देतात. मग बोटांची टोके 10 मिलिलीटर ब्रोथमध्ये (जिवाणूंच्या पोषक द्रवात) मिनिटभर चोळून किती जिवाणू उतरले ते मोजायचे, सॅनिटायझर लावायचे आणि पुन्हा मोजायचे. त्याच स्वयंसेवकांच्या हातांवर दुसऱ्या खेपेस 60 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिनिटभर चोळतात. उत्पादन कितीही महागडे असो, या साध्या द्रावणापेक्षा ते उणे ठरता कामा नये.

खरी मेख पुढे आहे. बोटांवरून उतरलेल्या द्रवात सॅनिटायझरचा अंश राहिला, तर तो तिथेही आपले काम चालू ठेवतो, आणि हातावर जिवंत राहिलेले जिवाणूही हिशेबात मेलेले धरले जातात. म्हणून त्या द्रवात लेसिथिन, पॉलीसॉर्बेट 80 असे न्यूट्रलायझर, म्हणजे सॅनिटायझरचे काम तिथेच थांबवणारे पदार्थ, घालतात. शिवाय न्यूट्रलायझर स्वतःच जिवाणूंना मारत नाही ना, हेही जिवाणू वाढवण्याच्या वेगळ्या प्लेटवर पाहावे लागते. इन्क्युबेटरमधून कोरी करकरीत प्लेट निघाली की नवखा उमेदवार खूश होतो. मी मात्र आधी शेजारची प्लेट उचलतो, कारण सॅनिटायझर न लावलेल्या बोटांच्या त्या प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंच्या फिकट ठिपक्यांची दाटी नसेल, तर कोऱ्या प्लेटला काहीच अर्थ उरत नाही.

विज्ञान प्रदर्शनांत आगरला, म्हणजे जिवाणू वाढवलेल्या जेलीसारख्या थराला, भोक पाडून त्यात सॅनिटायझर ओततात आणि भोवतीचे मोकळे वर्तुळ मोजतात. विद्यार्थ्यांचा उत्साह मला आवडतो, पद्धत पटत नाही: अल्कोहोल रात्रभरात उडून जाते, आणि वर्तुळ दिसले तरी त्यावरून वाढ थांबली एवढेच कळते, जिवाणू मेले की नाही हे कळत नाही. बाटलीवरच्या 99.9 टक्क्यांचेही तसेच. दहा लाख जिवाणूंमधले हजार तरीही शिल्लक राहतात.

काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक, सुप्त रूपे, तर अल्कोहोलला दादच देत नाहीत, हे रॉबर्ट कॉख यांनी 1881 सालीच अँथ्रॅक्सच्या बीजाणूंवर दाखवले होते. 2020 मध्ये आपल्याकडील साखर कारखानेही सॅनिटायझर बनवू लागले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा बराच बोलबाला झाला: 80 टक्के इथेनॉल, 1.45 टक्के ग्लिसरीन आणि 0.125 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. यातले पेरॉक्साइड हातांसाठी आहे असा अनेकांचा समज असतो; प्रत्यक्षात ते द्रावणात किंवा बाटलीत आधीच शिरलेल्या बीजाणूंसाठी असते, आणि म्हणूनच भरलेल्या बाटल्या वापरापूर्वी 72 तास बाजूला ठेवाव्या लागतात.