लिटल हैतीच्या वाचनालयात: पिंपाच्या पत्र्याची कला, मुलांच्या हातात

मायामीत हैतीच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता तुसाँ लुव्हेर्त्यूर याचा पुतळा दिसला की लिटल हैती, म्हणजे हैतीहून आलेल्यांची वस्ती, आली म्हणायचं. जायचं तर मे महिन्यात जावं. अमेरिकेत हा हैतीच्या वारशाचा महिना, आणि १८ मे हा हैतीचा ध्वजदिन. वाचनालयात मुलं निळे-लाल झेंडे रंगवतात, ते पाच मिनिटांत उरकतं. मला विचाराल तर मुलांना बसवावं ते ‘फे देकुपे’च्या, म्हणजे पत्र्याच्या कामाच्या टेबलावर.

ही कला पोर्तोप्रँसजवळच्या क्रुआ-दे-बुके गावची. तिथले लोहार ज्योर्ज लियोतो कबरींसाठी लोखंडी क्रूस घडवत. १९५३ च्या सुमारास पोर्तोप्रँसच्या ‘सेंत्र दार’ या कलाकेंद्राच्या डेविट पीटर्स यांनी ते क्रूस पाहिले आणि या कामाला कलेचा मान मिळाला. तेलाचं २०८ लिटरचं रिकामं पिंप घेतात. दोन्ही झाकणं कापून आत वाळलेली केळीची पानं किंवा उसाचं पाचट पेटवतात, म्हणजे रंग आणि तेल जळून जातं. मग उभा छेद देऊन पत्रा सपाट करतात, खडूने आकृती काढतात आणि छन्नी-हातोडीने कोरतात. जुन्या पद्धतीत तुकडे डाग देऊन (वितळलेल्या धातूने) जोडत नाहीत. त्यामुळे जलपरीचे केस माशाला आणि मासा चौकटीला टेकलेला असावाच लागतो. मुलांना आधी हे दाखवावं, त्यावरच सगळं चित्र ठरतं.

वाचनालयात छन्नी अर्थातच नसते. तिथे ०.१ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो; आपल्याकडे केकच्या ट्रेचा सपाट तळ घ्यावा. स्वयंपाकघरातली फॉइल नको, ती पहिल्याच रेघेला फाटते. चित्र कागदावर काढून चिकटपट्टीने पत्र्यावर बसवायचं. खाली वर्तमानपत्राची दहा-बारा पानांची घडी हवी. उघड्या टेबलावर रेघ उमटते, पण उठाव येत नाही. मुलं मग जोर लावतात आणि पत्रा फाटतो. शाई संपलेल्या बॉलपेनने रेघा गिरवाव्यात. मग पत्रा उलटा करून माशाचं पोट, पानांच्या शिरा आइस्क्रीमच्या काडीच्या गोल टोकाने हळूहळू, चार-पाच वेळा फिरवून दाबाव्यात. नाव लिहायचं असेल तर सुलट बाजूनेच, नाहीतर अक्षरं उलटी येतात.

शेवटी काळा ॲक्रिलिक रंग फासून मिनिटभरात कोरड्या फडक्याने पुसायचा. खाचांत काळं राहतं, उंचवटे चमकतात. रंग सुकला तर निघत नाही आणि सगळं काम झाकतं, म्हणून एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्यावा. सुकेपर्यंत गोष्ट सांगावी, हैतीच्या रिवाजाने: सांगणारा “क्रिक?” म्हणतो, मुलं “क्राक!” ओरडतात.

कापलेल्या कडा बोटं चिरतात. सरळ कडा ३ मिलिमीटर आत दुमडून चमच्याच्या पाठीने दाबाव्यात. सहा वर्षांखालच्या मुलांना आकार कापायला देऊ नये. त्यांचा पत्रा चौकोनीच ठेवून पुठ्ठ्यावर चिकटवावा.