वळणावरचा खट् आवाज

वाघबीळ मागं टाकून पन्हाळ्याचा चढ लागला की पहिल्या एकदोन वळणांतच तो आवाज यायचा. खट्. एकदाच. शेजारच्या सीटच्या पुढं, खालून कुणी हातोडी टेकवल्यासारखा. वळण संपून गाडी सरळ झाली की पुन्हा एक खट्, जरा हलका. सरळ रस्त्याला मात्र काही नाही. शिवाजी पुलापासून आंबेवाडी, केर्लीपर्यंत गाडी अगदी गप्प.

मी राहते कोल्हापुरात, पन्हाळ्याला शिक्षिका आहे. रोजचा वीसेक किलोमीटरचा जायचा रस्ता, तेवढाच यायचा. गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, ९४ हजार किलोमीटर झालेली. पावसाळा नुकताच सरला होता आणि त्या चार महिन्यांत गाडीनं खड्डे भरपूर खाल्ले होते. आधी वाटलं, डॅशबोर्डच्या खणात काहीतरी लोळत असेल. खण रिकामा केला, सीटखालची पाण्याची बाटली काढली, डिकीतला जॅक आणि पाना घरी ठेवला. आवाज होता तिथंच.

घराजवळच्या गॅरेजात गेले. तिथल्या मुलानं पुढचं डावं चाक उचललं, दोनदा हलवलं आणि सांगितलं, “लिंक रॉड गेलेत मॅडम.” म्हणजे पुढच्या चाकांजवळच्या बारीक जोडदांड्या. दोन्ही बाजूंचे बदलले, मजुरीसह २,४०० रुपये झाले. जुने रॉड खरोखरच ढिले होते, हे मी हातात घेऊन पाहिलं. शहरातल्या खड्ड्यांवर जी बारीक खडखड व्हायची तीही थांबली. पण तिसऱ्या दिवशी वाघबीळच्या वर, उजव्या वळणाला, खट्.

परत गेले तर उत्तर तयार होतं: “मग एक्सल असणार. वळताना आवाज म्हणजे एक्सलच.” खर्च साडेसात हजार. गाडी चालवून कुणी बघितली नव्हती. मी म्हटलं, एकदा माझ्याबरोबर चक्कर मारा. तेवढा वेळ नाही म्हणाले आणि “साहेबांना विचारून सांगा” असंही म्हणाले. गाडी मी चालवते, आवाज मी ऐकते, पैसे मी भरते, विचारायचं कुणाला? त्या दिवशी काम न करता गाडी घेऊन घरी आले.

मग मी स्वतः नीट ऐकायला लागले. एक वही केली. आवाज कधी येतो, कधी येत नाही, एवढंच त्यात लिहायचं.

वळताना आवाज म्हणजे एक्सल, ही समजूत उगाच पसरलेली नाही. एक्सलच्या चाकाकडच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो. चाक वळलेलं असतानाही इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचवणं हे त्याचं काम. तो झिजला की स्टिअरिंग पूर्ण कापून अॅक्सिलरेटर दिला की कट्‌कट्‌कट् असा एकामागून एक आवाज येतो, आणि गाडीचा वेग वाढेल तसा तो भरभर होतो, कारण तो चाकाच्या फिरण्याशी बांधलेला असतो. रविवारी पहाटे तपोवन मैदानाच्या मोकळ्या कडेला गेले. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे कापून, पहिल्या गिअरमध्ये जोर देत गोल फिरले, मग डावीकडे. एकही कट् नाही. खाली वाकून बॅटरीच्या उजेडात एक्सलचे रबरी बूटही बघितले. दोन्ही अखंड, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडाल्याचा डाग नाही. साडेसात हजार तिथंच वाचले.

मग उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. जंपरच्या (शॉक अॅब्सॉर्बरच्या) वरच्या माउंटचं बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग पीळ खाऊन मध्येच सुटते आणि ठण् करते. भावाला बॉनेटजवळ कान देऊन उभं केलं. काही नाही.

स्पीडब्रेकरचा प्रयोग मला सगळ्यात उपयोगी वाटला. वळताना गाडी कलू नये म्हणून पुढं एक आडवी दांडी असते, अँटीरोल बार; लिंक रॉड तिची टोकं दोन्ही चाकांकडं जोडतात. दोन्ही चाकं एकदम चढली की या बारला पीळ बसत नाही. तिरकी गाडी घेऊन एक चाक वर, एक खाली केलं की बसतो. लिंक रॉड खराब असेल तर तो तिरकं जाताना बोलतो. माझी गाडी तिरकी गेली तरी गप्पच होती. म्हणजे नवे लिंक रॉड नीट बसले होते. वहीत शेवटी उरलं ते एवढं: फक्त उजव्या वळणाला, वेग तीसच्या आसपास असताना, वळणात शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा. आणि एक गोष्ट मी आधी धरलीच नव्हती: जोरात ब्रेक दाबला तर सरळ रस्त्यालाही कधीकधी तसाच एक खट्.

ती वही घेऊन उद्यमनगरात गेले. ओतकामाचे कारखाने, लेथच्या शेडी आणि त्यांच्या मधल्या बोळात गॅरेजं. एका सहकाऱ्यानं तिथल्या एका वयस्कर मेस्त्रींचं नाव सांगितलं होतं. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, “ताई, गाडी तुमीच चालवा. मी बाजूला बसतो.” उद्यमनगराच्या एका रुंद वळणावर तीनदा फिरलो. तिसऱ्यांदा त्यांनी पायाखालची मॅट बाजूला करून पत्र्यावर तळवा टेकवला. “आला बगा. हातालाबी लागला.”

गॅरेजात गाडी पुढून उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर ठेवली. लिंक रॉड तपासताना चाकं जमिनीवर हवीत, नाहीतर रॉड ताणला जाऊन ढिलाई लपते, हे त्यांनी सांगितलं. पण आता त्यांना दुसरंच बघायचं होतं. त्यांनी डावं चाक वरून आणि खालून धरून हलवलं. बारीकशी ढिलाई. मला म्हणाले, “ब्रेक दाबून धरा.” पुन्हा हलवलं. ढिलाई तशीच. ब्रेक दाबल्यावर ती गेली असती तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, कारण ब्रेकनं डिस्क आणि चाक जखडले जातात. राहिली म्हणजे दोष त्याच्या पलीकडं. मग लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा लोखंडी हात) आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्या मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून दाबली. खट्! तोच आवाज. महिनाभर वळणावर ऐकलेला आवाज हातभर अंतरावरून ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला.

लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणारी गोळी. त्याचा रबरी बूट फाटला होता, आत ग्रीसच्या जागी चिखलाचा तपकिरी लगदा. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, चाक आडवं ढकललं जातं आणि तो सगळा जोर या जॉइंटवर. झिजलेल्या वाटीत गोळी एका बाजूला सरकते, खट्. भार उतरला की परत येते, खट्. ब्रेक मारल्यावरही हेच. म्हणून आवाज चाकाबरोबर फिरत नव्हता, भार इकडचा तिकडं झाला की येत होता.

मी विचारलं, “मामा, तसंच चालवलं असतं तर?”

“गोळी वाटीतनं भाईर आली की चाक आडवं पडतंय. घाटात असला तर काय करणार?”

त्या महिन्यात आई दोनदा माझ्या शेजारी बसून पन्हाळ्याला आली होती. डाव्या बाजूला, त्याच चाकावर. मला काही बोलताच आलं नाही.

माझ्या गाडीत बॉल जॉइंट सुटा मिळत नाही, आख्खा लोअर आर्म बदलावा लागतो. काम दोन तासांचं. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट त्यांनी घोड्यांवर असताना नुसते हातानं लावले आणि गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळले. अधांतरी आवळले तर गाडी खाली बसताच रबराला पीळ पडतो आणि बुश लवकर फाटतो. पहिल्या गॅरेजात ही काळजी कुणी घेतली असती का, हा विचार मनात येऊन गेला. मग जवळच व्हील अलाइनमेंट केलं. सगळं मिळून ३,८०० रुपये.

जुना आर्म मी मागून घेतला. त्याची पिन बोटानं कशीही डुलत होती; नव्याची हलवायला दोन्ही हातांचा जोर लागला होता.

दुसऱ्या दिवशी वाघबीळनंतर काच खाली केली. उजवं वळण आलं, तीसचा वेग, टायरचा रस्त्यावरचा आवाज आणि बाजूच्या झाडीतला वारा. पुढच्या वळणाला मुद्दाम ब्रेक दाबून बघितला. काही नाही. उजव्या बाजूचा बॉल जॉइंटही मेस्त्रींनी त्याच दिवशी तपासला होता: बूट शाबूत, ढिलाई नाही. तरी “पाच हजार किलोमीटरनं परत आणा” म्हणाले आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर मी आकडा लिहून ठेवला आहे, ९९,२००.