पोर्श ९३० : चार नंबरची टकटक अखेर गेली

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये चार नंबर सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची टकटक जात नाही असं लिहिलं होतं. त्यावर ज्यांनी ज्यांनी ‘इंजिन उतरव’ असा सल्ला दिला होता, त्यांना आधी कळवतो : इंजिन गाडीतच आहे आणि चार नंबरच्या एक्झॉस्टची टकटक बंद झाली आहे.

नव्यांसाठी एवढंच, की गाडी १९८६ ची, ३.३ लिटर. टॅपेट स्क्रूचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप स्क्रूने जुळवायचा : इनलेट-एक्झॉस्ट दोन्ही ०.१० मिमी, इंजिन थंड असताना. क्रँकची पुली झेड-१ या खुणेवर आणायची, एक नंबर सिलिंडर सेट करायचा, मग पुली १२०-१२० अंश फिरवत १-६-२-४-३-५ या क्रमाने बाकीचे. बडोद्यात मे महिन्यात ‘थंड इंजिन’ म्हणजे मानण्यावर आहे, म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवून पहाटेच हात घातला. वरचे सहा इनलेट चहा गार व्हायच्या आत झाले.

खालची कव्हरं काढताना मात्र दरवेळी पोटात गोळा येतो. सिलिंडर आणि हेड आवळून धरणारे खालच्या बाजूचे डिलाव्हार स्टड तुटतात आणि त्यांचा नट कव्हरमध्ये पडलेला सापडतो, हे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. बोट फिरवून पाहिलं. नुसतं तेल. हुश्श!

आता चार नंबर. गॅप मोजायच्या फीलर गेजचं ०.१० चं पातं घट्ट लागायचं. स्क्रूच्या टोकाचा हलता पाय जरा हलला की तेच पातं सैल. १३ च्या पान्याने लॉकनट आवळला की तिसरंच काहीतरी. बाकीच्या पाच एक्झॉस्टचे असे नखरे नव्हते. मनासारखं सेट करून चालू केली तरी टकटक जशीच्या तशी. त्या वाकड्या दांड्याच्या खास गेजबद्दल माझं मत तुम्हाला माहीतच आहे : पातं दुमडतं, आणि नवं मागवावं तर पात्यापेक्षा कुरियर महाग.

शेवटी गेज बाजूला ठेवलं आणि उलट्या बाजूने मोजलं. कॅमची पाठ (व्हॉल्व्ह न उचलणारी गोल बाजू) आणि रॉकरचं पॅड यांच्यामध्ये पातं सरकवायचं, म्हणजे पायाची भानगडच नाही. रॉकरची व्हॉल्व्हकडची बाजू लांब असल्याने इथे गॅप कमी भरतो. अडीच थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पातं गेलं पाहिजे, तीनचं जाता कामा नये. पाच ठिकाणी अगदी तसंच. चार नंबरला तीनचं सुळकन गेलं, चार थाऊचंही गेलं!

रॉकर काढल्याशिवाय तो स्क्रू बाहेर येत नाही, तेव्हा शाफ्ट सोडवला. टॉर्चखाली धरल्यावर पायाच्या तळाला वाटीसारखा खड्डा दिसला, नख अडकेल इतका. सपाट पातं त्या खड्ड्याच्या कडांवर टेकत होतं आणि व्हॉल्व्हचं टोक खड्ड्यात बसत होतं. म्हणजे गेज ०.१० सांगत होतं तेव्हाही खरा गॅप जास्तच. व्हॉल्व्हचं टोक सपाट आहे, नशीब.

मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या लेथवाल्या भाईंना दाखवला, तर म्हणाले, ‘घसी नाखीए, थई जशे.’ (घासून टाकू, होऊन जाईल.) होईल हो, पण वरचा कडक थर गेला की महिन्याभरात पुन्हा वाटी. डब्यात एक नवा स्क्रू होता, तो बसवला. पाय बोटाने हलवून पाहा म्हणतो ते यासाठीच : स्वस्त सेटमधले पाय नवेकोरे असतानाच आखडलेले असतात.

बेत एकाच स्क्रूचा होता. पण एका पायाची ही गत, तर उरलेले पाचही तेवढेच चाललेले आहेत. सगळे एक्झॉस्ट स्क्रू बदलणार. आणि हे लिहिता लिहिताच वाटतंय, शाफ्ट निघणारच आहेत तर त्यांचे सील पण आत्ताच मागवावेत. तेल तिथूनही झिरपतंच.

टर्बोचा ०.८ बार बूस्ट मिळतोय का ते तपासणं मात्र पुढे ढकललंय. टकटक गेल्यावर तिच्याआड दडलेली एक बारीक फुसफुस ऐकू यायला लागली. गाडी तापली की थांबते. वेस्टगेटकडचा (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडचा) जॉइंट असावा. त्या जॉइंटची गॅस्केट कोणी इथेच बनवून घेतली आहे का? कुठला पत्रा वापरलात, आणि टिकली किती?