भाकरीला इअरफोन चालत नाहीत

रात्री भाकऱ्या केल्या. पीठ कालच दळून आणलंय, मालदांडी ज्वारीचं, अजून विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेली नाही म्हणून बरं चाललंय. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे कणकेसारखी मळून झाकून ठेवली असं जमत नाही, जी काय चिकटाई यायची ती गरम पाण्याने स्टार्च फुलतो त्यातून आणि मग रगडण्यातून. आणि ते रगडणं नुसत्या मनगटाने होत नाही, खांद्यातून जोर यावा लागतो. ओटा मला उंच पडतो म्हणून मी परात घेऊन सरळ खाली फरशीवर बसतो.

एरवी स्वयंपाक करताना पॉडकास्ट चालू असतो माझा. भाकरीला बंद. थापायचा आवाज आला नाही तर कुठे काय चाललंय कळतच नाही, जाड असते तोवर धप धप, पातळ व्हायला लागली की खालची परात वाजते. आणि हाताखाली ती आपोआप फिरली पाहिजे, अडली की समजायचं खाली पीठ कमी पडलं, हे डोळ्यांच्या आधी बोटांना लागतं. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, की ते पूर्ण सुकायच्या आत उलटायची, उशीर झाला तर भेगा पडतात आणि मग ती कसली फुगतेय, वाफ तिथूनच निघून जाते. टायमर लावून बघा, नाही जमत.

मेहुणा इगतपुरीला विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स करून आला. धम्मगिरीला, 1976 पासून चालू आहे ते. डोक्यापासून पायापर्यंत अंगावर काय जाणवतं ते नुसतं बघायचं म्हणे. तू पण जा म्हणाला. जाईन कधीतरी, पण रिकाम्या हाताने बसलो की मला ऑफिसच्या मेल आठवतात, हे आधीच सांगून ठेवलंय त्याला. इथे मात्र गुडघ्याला लागलेली रग कळते, मागे कुकरची दुसरी शिट्टी झालेली कळते, पोरीने फ्रीज उघडाच ठेवलाय तेही कळतं, आणि तरी भाकरी हातातून सुटत नाही. डोळे एका जागी रोखून धरणं म्हणजे लक्ष देणं असं शाळेत शिकवलं आपल्याला, मला ते अर्धंच वाटतं.

उरलेल्या पिठाची शेवटची एकदम छोटी झाली, ती पोरीने पिठलं व्हायच्या आधीच नुसत्या तेल-मिठासोबत संपवली.