दुसरी चप्पल

दुपारचं जेवण उरकून फोन चाळत लोळले होते, तर एक फोटो समोर आला. उकरलेली माती, पायांची हाडं आणि त्यांच्या शेजारी गंजक्या खिळ्यांच्या दोन आकृत्या, हुबेहूब तळव्याच्या आकाराच्या. इंग्लंडमध्ये विंचेस्टरजवळ लँकहिल्स म्हणून रोमन काळातली दफनभूमी आहे, चौथ्या शतकातली. तिथे अशा कितीतरी सापडल्या. रोमन लोक जोड्याच्या तळाला जाड डोक्याचे लोखंडी खिळे ठोकत. चामडं कुजतं, खिळे राहतात. काही कबरींत जोडे पायांत होते, काहींत बाजूला काढून ठेवलेले. मला बाजूचे जास्त पटले. निजताना पायात जोडे कोण घालतं?

हे खिळे सैनिकांच्याही तळाला असत. इसवी सन 70 मध्ये जेरुसलेमच्या देवळातल्या गुळगुळीत फरशीवर ज्युलियानस नावाचा रोमन अधिकारी त्यांच्यामुळेच घसरला आणि मारला गेला. देवळात जोडे घालून शिरल्यावर दुसरं काय होणार, असं आजी म्हणाली असती.

आजीला उलटी पडलेली चप्पल सहन होत नसे. लग्नघरच्या ढिगातलीसुद्धा ती वाकून सरळ करायची. भांडणं होतात म्हणे. आता आम्ही सगळे करतो. भांडणं व्हायची ती होतातच.

आजोबांच्या तेराव्याला गुरुजींना छत्री आणि नव्या चपला दिल्या होत्या. यमाच्या वाटेवर तापलेली वाळू आणि काटे, म्हणून. चपला गुरुजींना लहान झाल्या. त्यांनी त्या मुकाट्याने पिशवीत टाकल्या. मला मात्र घोर लागला, की आजोबांना आता याच मापाच्या मिळणार की काय!

रोमन लोकही वाटेसाठीच जोडे देत होते, की माणसाला नीट पोशाखात निरोप द्यावा एवढंच मनात होतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. केंटमधल्या साउथफ्लीटला 1801 साली सापडलेले जोडे तर जांभळ्या चामड्याचे, सोन्याच्या तारेने मढवलेले होते. वाळूत चालायला असले कोण देईल?

दुसऱ्या शतकातल्या ल्यूशन नावाच्या, ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या विनोदी लेखकाने एक किस्सा लिहिलाय. युक्रेटीसची बायको वारली. तिचे दागिने, कपडे, सगळं त्याने तिच्याबरोबर जाळलं. सातव्या दिवशी तो प्लेटोचं आत्म्यावरचं पुस्तक वाचत बसला होता, तर ती शेजारी येऊन बसली. तक्रार एकच: सोनेरी सपातांपैकी एक जाळायची राहिली, पेटीखाली पडलीय. तेवढ्यात कुत्रं भुंकलं आणि ती नाहीशी झाली. सपात खरंच पेटीखाली निघाली. ल्यूशनने हे थापाड्यांची टर उडवायला लिहिलं. पण वस्तू कुठे आहे हे सांगायला बायकोला परत यावं लागलं, एवढा भाग मी डोळे मिटून खरा मानते.

आमच्या चपलांच्या कपाटात जोडी हरवलेल्या बऱ्याच आहेत. टाकून दे, असं नवरा म्हणतो. आधी पलंगाखाली बघ, असं मी म्हणते. तो काही वाकत नाही.